खुबा तारीख पाळत नाही

लातूरच्या क्रीडा संकुलावर किंवा नांदेडच्या एखाद्या कॉलेजच्या मैदानावर पहाटे साडेपाचला गेलं, की दिसण्याआधी मैदान ऐकू येतं. अंधारात बुटांचा आवाज गोल फिरत असतो. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सोळाशे मीटरच्या फेऱ्या मारत असतात, पोरी आठशेच्या. थोडं उजाडलं की सिमेंटच्या कोर्टवर बास्केटबॉलचा ठोका सुरू होतो. आणि या सगळ्या धावपळीत एखादा पोरगा कठड्यावर बसलेला असतो, जांघेत हात दाबून. सर जवळ आले की तो एवढंच विचारतो, "सर, किती दिवसांत होईल?"

उत्तर ठरलेलं असतं. "काही नाही रे, नस चढली असंल. आठ दिवस शेक घे, मालिश कर." आठ दिवसांनी तो परत धावायला लागतो. पंधरा दिवसांनी परत कठड्यावर येऊन बसतो.

"किती दिवसांत?" हा प्रश्न मी या मैदानांवर इतक्यांदा ऐकला, की त्याच्या मागे लागावंसं वाटलं. मागे लागल्यावर कळलं, हाच प्रश्न २०१७ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने आपल्या लाडक्या खेळाडूबद्दल विचारला होता. त्याच्याकडे जगातले उत्तम डॉक्टर होते, यंत्रं होती, पैसा होता. तरीही सांगितलेली तारीख चुकली. ती का चुकली, हे समजून घेतलं तर आपल्या कठड्यावरच्या पोराला काय सांगायचं हेही समजतं.

साठाव्या क्रमांकाचा राजा

आयझेया थॉमस हा बास्केटबॉलपटू फक्त पाच फूट नऊ इंच उंचीचा. साडेसहा-सात फुटी माणसांच्या खेळात ही उंची म्हणजे जवळजवळ अपात्रताच. २०११ साली एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या संघांनी नवे खेळाडू निवडले, त्यात साठ जणांपैकी साठावा, म्हणजे अगदी शेवटचा नंबर थॉमसचा लागला. त्यानंतर सहा वर्षांत तो बॉस्टन सेल्टिक्सचा कणा झाला. २०१६-१७च्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी २८.९ गुण केले.

त्याच्या खेळाची सगळी मदार खुब्यावर होती. उंच माणसांच्या काखेतून निसटायचं, धावता धावता गपकन थांबायचं, कंबर वळवून दिशा बदलायची आणि एका पायावर उडी घेऊन चेंडू टाकायचा. मार्च २०१७मध्ये एका सामन्यात त्याच्या उजव्या खुब्याला मार बसला. दोन सामने विश्रांती घेऊन तो परत आला.

एप्रिलच्या १५ तारखेला त्याची धाकटी बहीण चायना मोटार अपघातात गेली. दुसऱ्या दिवशी बाद फेरीचा सामना होता. तो रडत मैदानात उतरला आणि खेळला. २ मे रोजी, बहिणीच्या वाढदिवशी, त्याने वॉशिंग्टनविरुद्ध ५३ गुण केले. बॉस्टनमधल्या माणसांना तो सामना आजही आठवतो. अशा माणसाला 'थांब' कोण म्हणणार होतं? आणि म्हटलं असतं तरी तो थांबला असता का?

त्याच मालिकेत खुबा पुन्हा दुखावला. १९ मे रोजी क्लीव्हलंडविरुद्धच्या सामन्यात केवळ दोन गुण करून तो बाहेर पडला आणि त्याचा हंगाम संपला. निदान झालं: खुब्याच्या वाटीची कडा फाटली आहे आणि हाड हाडाला घासतं आहे. ऑगस्टमध्ये बॉस्टनने त्याला क्लीव्हलंडला देऊन टाकलं. त्याचा खुबा तपासल्यावर क्लीव्हलंडने सौदा अडवला आणि बॉस्टनकडून नवा खेळाडू निवडण्याचा आणखी एक हक्क वसूल केल्यावरच तो पुरा केला. माणसाच्या एका सांध्याची किंमत अशी भर बाजारात ठरली.

पहिल्यांदा शस्त्रक्रिया टाळून व्यायामावर भर दिला गेला. साडेसात महिन्यांनी, २ जानेवारी २०१८ रोजी, तो खेळला आणि १९ मिनिटांत १७ गुण केले. सगळ्यांना वाटलं, जुना थॉमस परत आला. पण ते एका संध्याकाळपुरतं होतं. पुढच्या सामन्यांत पायातली ती जुनी झेप दिसेना. फेब्रुवारीत क्लीव्हलंडनेही त्याला सोडलं. मार्चच्या अखेरीस दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. अंदाज दिला गेला, सुमारे चार महिने.

प्रत्यक्षात तो परत उतरला १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, म्हणजे साडेदहा महिन्यांनी. दरम्यान, ज्याला मोठ्यात मोठा करार मिळेल असं सगळे धरून चालले होते, त्याने डेन्व्हर संघाशी किमान मानधनावर एका वर्षाचा करार केला होता. त्या हंगामात तो फक्त १२ सामने खेळला. २०२०मध्ये त्याच्या खुब्यावर दुसरी, मोठी शस्त्रक्रिया झाली. झिजलेल्या पृष्ठभागावर धातूचं आवरण बसवलं गेलं. आता दुखत नाही, असं त्याने नंतर सांगितलं. त्यानंतर तो छोट्या-छोट्या करारांवर खेळत राहिला, पण २०१७चा थॉमस कोर्टवर पुन्हा दिसला नाही.

कुकरची रिंग

आपल्याकडे खुबा हा शब्द फक्त आजीसाठी राखून ठेवलेला आहे. "न्हाणीत पाय घसरला आणि आजीचा खुबा मोडला," एवढ्यापुरताच तो घरात येतो. तरुण पोराचं दुखलं की आपण म्हणतो कंबर, पुठ्ठा, मांडी, नस. शब्दच नसल्यामुळे दुखण्याची जागाही चुकते.

खुबा म्हणजे मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि कमरेच्या हाडातली खोल वाटी यांचा सांधा. याला उखळीचा सांधा म्हणतात, आणि उखळ पाहिलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. या वाटीच्या काठाला कूर्चेची एक लवचीक कडा असते. डॉक्टर तिला लेब्रम म्हणतात. तिचं काम अगदी कुकरच्या रिंगेसारखं असतं. ती सांध्यातलं वंगण आत धरून ठेवते आणि दाब सगळीकडे सारखा वाटते. रिंग चिरली की कुकर लगेच फुटत नाही, भातही शिजतो, पण वाफ निसटत राहते. लेब्रम फाटलेला खेळाडूही चालतो, पळतो, एखादा सामना जिंकूनही देतो. आतली कूर्चा मात्र रोज थोडी थोडी झिजत जाते. शिवाय या कडेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती आपोआप सहसा भरून येत नाही.

ती फाटते कशी? कधी एका आघाताने. पण पुष्कळदा हाडाचा आकारच तिला कापत असतो. काहींच्या गोल माथ्याच्या खाली, हाडाच्या मानेवर, एक उंचवटा असतो. गुडघा वर घेऊन आत वळवला की तो वाटीच्या काठावर आपटतो. बास्केटबॉलमधला बचावाचा पवित्रा आठवा: गुडघे वाकलेले, बूड खाली, क्षणोक्षणी बाजूला सरकणं. हाच तो कोन.

आणि इथे आपल्या शाळांनी कान टवकारावेत अशी गोष्ट आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या अस्थितज्ज्ञांनी लहानपणापासून स्पर्धात्मक बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या खुब्यांची तपासणी करून २०११मध्ये निष्कर्ष मांडला. न खेळणाऱ्या मुलांच्या तुलनेत या मुलांच्या खुब्यात असा उंचवटा कितीतरी अधिक वेळा आढळला. हाडाची वाढ पुरी होण्याच्या वयात पडणारा सततचा भार हाडाचा आकारच बदलतो. म्हणजे पंचविशीत ठणकणाऱ्या खुब्याचं बी बाराव्या-पंधराव्या वर्षी पडलेलं असतं. याचा अर्थ मुलांनी खेळू नये असा मुळीच नाही. बारा महिने एकच खेळ, त्यातही सिमेंटवर आणि विश्रांतीशिवाय, हे त्या वयात टाळावं, इतकाच त्याचा अर्थ.

दुखण्याची जागा ओळखणंही महत्त्वाचं. खुब्याचं खरं दुखणं बहुतेक वेळा पुढे, जांघेत जाणवतं. पेशंट अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी पकड करून खुबा धरून दाखवतो. मोटारसायकलवर टांग टाकताना, मांडी घालून बसल्यावर उठताना, उकिडवं बसताना कळ येते. आपलं सगळं जगणंच खोल वाकलेल्या खुब्यावर चाललेलं आहे. पंगत, पूजा, सोयाबीनची काढणी, तालमीतल्या बैठका. अमेरिकेतल्या खेळाडूचा खुबा कोर्टवरून उतरल्यावर खुर्चीत विसावतो. आपल्या पोराचा घरी आल्यावरही विसावत नाही.

तालमीचा वारसा आणि त्याची मर्यादा

आपला हा लातूर-नांदेडकडचा भाग अंगमेहनतीचा आणि ताकदीचा आहे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार याच लातूरच्या मातीतून रुस्तम-ए-हिंद झाले आणि पुढे त्यांनी पुण्याच्या तालमीत बीडच्या राहुल आवारेसारखे मल्ल घडवले. नांदेडच्या भाग्यश्री जाधव व्हीलचेअरवरून गोळाफेक करत पॅरिसला पोचल्या आणि २०२४च्या पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात त्यांनी देशाचा तिरंगा धरला. आपल्या माणसांत जिद्दीला तोटा नाही.

पण या जिद्दीच्या पोटातच एक धोका आहे. दुखणं गिळायचं, हे आपण मर्दुमकीचं लक्षण मानतो. तालमीतली तेलाची मालिश आखडलेल्या स्नायूला खरोखर मोकळं करते. पिढ्यान्‌पिढ्यांचा तो अनुभव खोटा नाही. मात्र फाटलेली कडा तेलाने सांधत नाही आणि चिरलेलं हाड रगडल्याने जुळत नाही. हाडवैद्याने खुब्याला झटका दिला तर नुकसान वाढू शकतं. वस्तादांबद्दल पुरता आदर ठेवूनही हे स्पष्ट सांगितलं पाहिजे.

भरतीच्या रस्त्यावरची चीर

बास्केटबॉलपटूचा खुबा जगभर गाजतो. नांदेड-लातूरमध्ये त्याहून मोठी काळजी वेगळ्याच पोरांची आहे, आणि त्यांच्या खुब्याची बातमी कुठेच येत नाही. भरतीची जाहिरात निघते. पोलीस भरतीतल्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात आणि त्यात धावण्याचं वजन मोठं. काल-परवापर्यंत अभ्यासिकेत बसलेला पोरगा अचानक रोज आठ-दहा किलोमीटर डांबरी रस्त्यावर पळायला लागतो, तेही झिजलेल्या बुटांत. स्नायू लवकर तयार होतात. हाडाला मात्र नव्या भाराशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. तो वेळ मिळाला नाही की हाड थकतं आणि त्याला बारीक चीर जाते. ही चीर मांडीच्या हाडाच्या मानेला गेली, तर ते दुखणं जांघेतच जाणवतं आणि 'नस चढली' म्हणून खपून जातं.

लष्करात भरती झालेल्या नव्या जवानांत हा विकार जगभर ओळखीचा आहे. सुरुवातीला साध्या एक्स-रेत ही चीर पुष्कळदा दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसते. मानेच्या खालच्या बाजूला असली तर कुबड्या आणि विश्रांतीवर सहसा भरून येते. वरच्या बाजूला असली तर ती पसरून हाड सरकण्याची भीती असते आणि स्क्रू घालावे लागतात. हाड सरकलंच तर गोल माथ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि रक्त न मिळालेला माथा हळूहळू मरतो. विशीतल्या पोरावर कृत्रिम खुबा बसवण्याची वेळ येते. भरतीसाठी पळालेल्या पोराची भरती तर जातेच, शेतात वाकण्याची ताकदही जाते.

मुलींबाबत आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. वजन कमी करायला उपाशी पळणं आणि पाळी अनियमित होणं या दोन्हींचा हाडांवर थेट परिणाम होतो. पाळी चुकायला लागली की तो शरीराचा इशारा समजावा. तिला पोटभर जेवण आणि डॉक्टरांचा सल्ला मिळाला पाहिजे. "पळणाऱ्या पोरींचं असंच असतं" म्हणून ते सोडून देऊ नये.

शाळेतल्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी. दहा ते सोळा वयात मांडीच्या हाडाचा माथा वाढीच्या रेषेवरून घसरू शकतो. अशा मुलाचा गुडघा दुखतो, गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो चांगला येतो आणि सगळे निश्चिंत होतात. दोष असतो खुब्यात. म्हणून लंगडणाऱ्या मुलाचा गुडघा दुखत असेल, तर खुबाही तपासून घ्यावा.

मग किती दिवस?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुर्बिणीने फाटलेली कडा शिवली आणि उंचवटा घासून काढला, तर पुढचा रस्ता साधारण असा असतो. पहिले दोन ते सहा आठवडे कुबड्या. त्या काळात खोल वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, पाय वळवायचा नाही. जागेवरची सायकल लवकर सुरू होते, पण बिनभाराची. मग पुठ्ठ्याच्या स्नायूंची ताकद. हे स्नायू एका पायावर उभं असताना कमरेला तोलून धरतात. साध्या चालण्यातसुद्धा खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, धावताना त्याहून जास्त. सारं नीट गेलं तर तिसऱ्या महिन्याच्या आसपास सरळ रेषेत हळू धावणं, त्यानंतर वळणं, उड्या, अचानक थांबणं. खेळात परतायला साधारण चार ते सहा महिने सांगतात, आणि बास्केटबॉल, कबड्डी, खो-खो अशा झुकांड्यांच्या खेळांत त्याहून जास्तही लागतात.

थॉमसचे चार महिने साडेदहा झाले ते इथेच. कूर्चा किती झिजली होती, दुखऱ्या सांध्यावर किती महिने खेळून झालं होतं, हे कॅलेंडरवर लिहिलेलं नसतं. म्हणून जाणते डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट तारखेपेक्षा पायऱ्या मोजतात. एका पायावर उभं राहिल्यावर कंबर दुसऱ्या बाजूला झुकते का? एका पायावर बसून उठता येतं का, गुडघा आत न वळता? दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरते का? एका पायावरची लांब उडी दोन्ही बाजूंना जवळपास सारखी पडते का? सरावानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी जांघ ठणकते का? एक पायरी जमली की पुढची, आणि ठणकली तर एक पायरी मागे. मागे येणं हाही उपचाराचाच भाग असतो.

टेनिसपटू अँडी मरे या वाटेवरून दोनदा गेला. जानेवारी २०१८मध्ये खुब्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. जूनमध्ये तो कोर्टवर परतला, पण वेदना गेल्या नाहीत. जानेवारी २०१९मध्ये मेलबर्नला पत्रकारांसमोर त्याला रडू कोसळलं. बूट-मोजे घालतानाही दुखतं, असं तो म्हणाला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला लंडनमध्ये त्याच्या खुब्यावर धातूचं आवरण बसवलं गेलं. ऑक्टोबरमध्ये त्याने अँटवर्पची एकेरीची स्पर्धा जिंकली. धातूचा खुबा घेऊन तो २०२४च्या ऑलिम्पिकपर्यंत खेळला. परतणं अशक्य नसतं, हे मरेने दाखवलं. पण टेनिसमध्ये धक्काबुक्की नाही, आणि पुन्हा चालताना दुखू नये हेच त्याचं पहिलं ध्येय होतं, हे विसरता कामा नये.

आपल्या शेजारचंच उदाहरण बीडच्या अविनाश साबळेचं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा सैन्यात गेला, तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांपर्यंत पोचला आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. जुलै २०२५मध्ये मोनॅकोला पाण्याच्या अडथळ्यापाशी तो पडला. खुबा नाही, पण गुडघ्याचा अस्थिबंध गेला, शस्त्रक्रिया झाली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. देशाचा अव्वल धावपटू अशा वेळी थांबतो. मग गावच्या मैदानावरच्या पोराने थांबण्यात कसला कमीपणा?

आपल्या हातात काय आहे

साबळेला थांबवायला डॉक्टर असतात, प्रशिक्षक असतात. आपल्या मैदानावर थांबवणारं कोण? क्रीडाशिक्षक, अकादमी चालवणारे सर आणि आई-वडील, एवढेच. त्यांना एमआरआय वाचता यायची गरज नाही. चार गोष्टी पाहता आल्या तरी पुष्कळ झालं.

पोरगा लंगडत असेल तर त्याच दिवशी धावणं बंद. लंगडत पूर्ण केलेल्या फेरीचं कौतुक करू नका. जांघेतलं दुखणं दोन आठवड्यांत हटलं नाही, किंवा रात्री झोपेत आणि वजन टाकताना दुखायला लागलं, तर मलम आणि गोळ्यांवर आणखी दिवस घालवू नका. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, नांदेडला विष्णुपुरीत शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे अस्थिरोग विभागात दाखवा. एक्स-रे चांगला आला आणि दुखणं तसंच राहिलं, तर एमआरआय लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. वेदना दाबणारं इंजेक्शन घेऊन चाचणी देऊ नका. वेदना हीच त्या सांध्याची राखण असते. आणि धावणं आठवड्याला थोडं थोडंच वाढवा, मधे एखादा दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवा, डांबराऐवजी मातीवर पळा. माती तर आपल्याकडे भरपूर आहे.

बॉस्टनच्या त्या बुटक्या राजाने बहिणीच्या दुःखात दुखऱ्या खुब्यावर खेळून जे केलं, ते थोर होतं. त्याची किंमतही त्यानेच मोजली.  आपल्या पोराला ती माहीत नसते. ती त्याला सांगणं हे आपलं, मोठ्या माणसांचं काम आहे.

उद्या पहाटे कठड्यावर बसलेला पोरगा "सर, किती दिवसांत होईल?" असं विचारेल. त्याला तारीख देऊ नका. शेजारी बसा, त्याला एका पायावर उभं राहायला सांगा आणि तो कुठे डगमगतो ते बघा. मग त्याची पुढची पायरी कोणती, तेवढं सांगा.